निमीच्या नावावरचा पाचवा फाऊल

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझ्याबद्दल त्याला सगळं माहीत आहे. गुडघ्याची दोन ऑपरेशनं, मुंबईच्या हॉस्टेलमधलं रडणं, कुठल्या मॅचला मी पंचांशी भांडले ते, सगळं. एक गोष्ट मात्र त्यालाही माहीत नाही. आईला नव्हती, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती, हे आधीच सांगून टाकते.

आणि मी भरकटेन, तेही सांगते. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठले — एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाचच.

मी अकोल्यात मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्याआधी नऊ वर्षं मुंबईत एका सरकारी खात्याच्या संघातून खेळले. खेळाडू म्हणूनच नोकरी लागली, पगारही खेळण्याचाच. राज्याकडून खेळले. मग गुडघा गेला, लग्न होऊन इकडे आले, आणि शिकवू लागले. इथे माझं नाव निघालं की लोक माझ्या खेळाबद्दल नंतर बोलतात, आधी म्हणतात — शोभा मॅडम म्हणजे एकदम सरळ बाई, खोटं खपवून घेत नाही. पोरींचे वडील तर हे पोरींसमोरच म्हणतात. मी तेव्हा बुटाची नाडी बांधायला खाली वाकते. नाडी बांधलेलीच असते.

हा सरळपणा आला कुठून, तर आमच्या सरांकडून. अमरावतीला एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर सर आम्हाला शिकवायचे. त्यांचा एक कायदा होता. शिट्टी वाजली की जिचा फाऊल असेल तिने स्वतःहून हात वर करायचा. पूर्वी सगळीकडेच करत, नंतर ती पद्धत मागे पडली, पण सरांनी सोडली नाही. पंचांनी चुकून दुसरीचा नंबर सांगितला तर जिची चूक तिनेच पुढे होऊन हात वर करायचा, मग सर टेबलापाशी जाऊन नंबर बदलून घ्यायचे. यात मी सगळ्यात पुढे. एकदा तर शिट्टी वाजलीच नव्हती, तरी मी हात वर केला. अख्खं मैदान हसलं. सर हसले नाहीत, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची मला चटक लागली होती. आता कळतं, मला खरेपणाची चटक नव्हती.

निमी माझ्या जोडीला खेळायची. दर्यापूरजवळची. घरची फुलशेती. शेवंती, झेंडू. ती पहाटेच्या जीपमध्ये फुलांच्या गाठोड्यांसोबत बसून यायची, गाठोडी बाजारात उतरवायची आणि तशीच कोर्टवर. बोटं पिवळी. बॉलला झेंडूचा वास लागायचा आणि आम्ही तिला चिडवायचो. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली असतील? खूप चांगली होती. माझी उडी शिकलेली होती, तिची जन्माची. वाद घालायची फार, एवढंच. नसलेल्या चुकीसाठी ती हात वर करायची नाही आणि सरांना उलट बोलायची.

तर — अकोल्याची मॅच. आम्ही दोघी एकोणीस वर्षांच्या. राज्याच्या शिबिरासाठी निवड करणारे दोघे जण मंडपात बसले होते आणि आमच्या जिल्ह्यातून एकीलाच घेणार, अशी कुणकुण होती. कोणाला घेणार हेही सगळ्यांना दिसत होतं. निमीला. मॅचभर ती सुसाट खेळत होती. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली. माझे चार फाऊल झाले होते, तिचेही चार. पाचवा झाला की बाहेर.

अकोल्याची एक पोरगी रिंगकडे घुसली. निमी तिच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात सरळ वर. मी मागून आले. बॉलवर मारायला गेले आणि त्या अकोल्याच्या पोरीच्या मनगटावर मारलं — चांगलंच. फटका मला ऐकू आला. शिट्टी वाजली. पंचांनी टेबलाकडे बोटं दाखवली. सात नंबर. निमीचा नंबर.

मी हात वर केला नाही.

काय विचार केला? काहीच नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण केला होता. मी मंडपाकडे पाहिलं होतं.

निमी ओरडली. सरांकडे धावत गेली. "सर, माहा हात नाही लागला! शोभीचा लागला, शोभीले विचारा!" सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकच शब्द विचारला, "शोभा?" आणि मी, शिट्टी न वाजताही हात वर करणारी मी, सरांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही, सर."

इतकंच. दोन शब्द.

सरांना शंका घ्यायचं कारणच नव्हतं. ते निमीला म्हणाले, "फाऊल केला त केला, वरून खोटं काहून बोलून राहिली? अन् मैत्रिणीवर ढकलते?" ती बेंचवर जाऊन बसली, टॉवेल तोंडावर घेतला. आम्ही जिंकलो. शेवटच्या दोन मिनिटांत चार गुण मी केले. ते कसे केले, हे मी पोरींना आजही समजावून सांगते, बघा. लाज म्हणून नाही मला.

परतीच्या बसमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. मीही नाही. मूर्तिजापूरला ती दर्यापूरच्या गाडीसाठी उतरली, आणि मी खिडकीत झोपेचं सोंग घेतलं. पुढच्या स्पर्धेला सरांनी तिचं नाव पाठवलंच नाही. शिबिराला मी गेले, तिथून मुंबईला. निमीचं वर्षभरात बार्शीटाकळीला लग्न झालं. पत्रिका आली होती. मॅच आहे, असं मी कळवलं. मॅच नव्हती. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते त्या दिवशी.

सांगता आलं असतं ना? कितीदा तरी. सर आजारी होते तेव्हा भेटायला गेले, दोन तास बसले, त्यांनी माझा हात धरला होता. तेव्हाही नाही सांगितलं. सर गेले. त्यानंतर, खरं सांगू, मला हलकं वाटलं. विचारणारा गेला, असं वाटलं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. एकोणीस वर्षांची पोरगी घाबरली, असं म्हणून मीच मला समजावलं असतं. पण आता मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, आणि जे सांगायचं आहे ते गेल्या महिन्यातलं आहे.

सकाळची प्रॅक्टिस चालू होती. फाटकातून एक बाई एका उंच पोरीला घेऊन आली. चालण्यावरून ओळखलं मी, चेहरा नंतर दिसला. निमी. केस पांढरे झालेत, उंची तेवढीच. धाकटी मुलगी चौदा वर्षांची, तिला माझ्याकडे शिकायचं होतं. बार्शीटाकळीहून रोज येईल, म्हणाली. मला म्हणाली "मॅडम". मी म्हटलं, अगं, मॅडम काय? तरी मॅडमच म्हणाली. मी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नुसती बोलत सुटले, कोर्टबद्दल, बुटांबद्दल, उन्हाबद्दल. तिने मला थांबवलं.

"मॅडम, एक गोष्ट मनात हाय लय दिवसाची. त्या मॅचमंदी म्या सरांसमोर तुमचं नाव घेतलं. तवा मले पक्कं वाटे, माहा हात नाही लागला. पण सारेच म्हनत होते लागला म्हून. पंच म्हने, सर म्हने. एवढे जन खोटे कसे असतीन? आता मलेच वाटते, लागला असन. आपलीच चूक दुसऱ्यावर ढकलली म्या." मुलीकडे वळून म्हणाली, "आयकून राह्यली ना? तुह्या मायनं केलं तसं करू नोको." आणि मग मला, "सरायची माफी मांगाची राहून गेली. तुमी तरी मले माफ कराजा."

पोरगी आईकडे बघत होती. मग खाली बघायला लागली, बुटाच्या टोकाने फरशी उकरत. आईची लाज वाटत होती तिला.

मला वाटलं होतं, निमीने मला एवढी वर्षं शिव्या दिल्या असतील. त्याची मी तयारी केली होती. ती भेटली तर काय बोलायचं, ते मी गाडी चालवताना मोठ्यांदा म्हणूनही पाहिलं होतं. आणि इथे ती समोर बसली होती, जे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं तेही तिच्याकडे राहिलं नव्हतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं मला. पोरगी ऐकत होती. मागे माझ्या वीस-बावीस मुली बॉल आपटत होत्या. चहावाला कप ठेवून गेला.

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे निमे, जुनी गोष्ट हाय. माह्या मनात काहीच नाही."

तिचे डोळे भरून आले. मी तिला माफ केलं.