मोटारीच्या पोटाला तेल

होडी दिसो, म्हैस दिसो, नाहीतर माझी मोटार, म्हातारी कमरेत वाकून आधी खाली बघायची. "वरशी काय बगतंस बाला? पोट बग."

मी तेव्हा रेवसच्या धक्क्यापासून अलिबागेपर्यंत शेठची उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालवायचो. उधाणाला खाडीचं पाणी रस्त्यावर यायचं, त्यातूनच मोटार काढावी लागायची. वरून पत्रा असा चकचकीत, की तुम्ही त्यात बघून भांग पाडला असता. खालून मात्र गंजाचे पापुद्रे सुटत होते. शेठनी बजावलं होतं, या पावसाळ्यात सांगाडा आणखी खाल्ला गेला तर मोटार विकणार. म्हणजे माझी नोकरी गेलीच.

म्हातारी कोळीण. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन रोज बाजाराला चालत जायची, कारण वास येतो म्हणून टोपलीवाल्यांना मोटारीत घ्यायचं नाही, हा शेठचा नियम. माझं रडगाणं ऐकून तिनं मला ओढतच आपल्या होडीकडे नेलं. मुशी माशाच्या काळजाचं तेल प्यायलेली होडी. "खिलं बग. गंज हाय?" नव्हता. तेल द्यायला ती तयार होती, पण एक अट होती. "मना टोपलीसकट बसवाचं. पुढं, तुज्या बाजूला."

मी अडलेला. हो म्हणून मोकळा झालो.

पावसाळ्यात धक्क्याला उतारू आणणारी लाँच बंद, म्हणून मोटारही बंद. ती शेडमध्ये लावली त्याच दिवशी म्हातारी डबा घेऊन आली. मी काथ्यानं गंज खरवडला. मग तिनं काष्टा आवळला नि गोणपाटावर उताणी होऊन मोटारीखाली शिरली. बाहेर दोन पावलं आणि अखंड बडबड. नारळाच्या सोडणानं फटीफटीत तेल चोपडून निथळतच बाहेर आली. म्हणाली, "बालंतिनीला पन येवरा तेल लावला न्हाय कंदी."

नारळी पौर्णिमेनंतर मोटार काढली. खाली वाकून पाहिलं आणि आनंदानं तिथंच बसकण मारली. एक पापुद्रा सुटला नव्हता. पण वास, देवा रे! शेठ आत बसले आणि नाक धरून विचारू लागले, मासळी कोणी घेतली म्हणून. मोटारीत आम्ही दोघेच. तेवढ्यात म्हातारी टोपलीसह हजर.

"शेट, आता सांगा. वास टोपलीचा का मोटारीचा?"

शेठ उतरले, सांगाड्याखालून बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि खदखदून हसत सुटले. नियम त्या दिवशी संपला. म्हातारी पुढे बसली, टोपली मांडीवर, वाटेत भेटेल त्याला हात करत.

असे पाच पावसाळे गेले. सहाव्याला डबा तिच्या सुनेनं आणला. म्हातारी वैशाखातच गेली होती, तेल मात्र आधी काढून ठेवलं होतं. मी मोटारीखाली शिरलो आणि पोटभर रडलो. सुनेला सांगितलं, डोळ्यात तेल गेलं.

पहिल्या फेरीला पुढची जागा मी रिकामी ठेवली. शेठ आले. जागेकडे पाहिलं, कमरेत वाकून मोटारीच्या खाली पाहिलं, आणि मागे कोळणींच्या टोपल्यांमध्ये जाऊन बसले.