मास्तरांचे चार गुण

१३ सप्टेंबर, सोमवार. मीठ संपले. गादीला ऊन दिले. दादाचा पेपर आजही कोरा. आरोग्य खात्याची मुलगी दुःख मोजायला आली होती.

एवढं लिहून ताई थांबल्या. पुढचं कसं लिहावं ते त्यांना सुचेना.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, समोरच्याच दारात राहणारे, साऱ्या इमारतीचे मास्तर. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले, पण लाल पेन्सिल सुटली नव्हती. सकाळी पेपर आला की बातम्या वाचायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या आणि वरच्या कोपऱ्यात संपादकाला दहापैकी गुण द्यायचे. संपादक कधी चारच्या वर गेला नाही. मग साथ आली, वहिनी गेल्या आणि पेपर कोरे राहू लागले. मास्तरांना जगात चूक सापडेनाशी झाली, म्हणजे पाणी कुठवर आलं आहे ते ताई ओळखून होत्या.

मुलीचं काम असं होतं: साथीने माणसांच्या मनाचं काय केलं ते नऊ प्रश्नांत मोजायचं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. कधीच वाटत नसेल तर शून्य, रोज वाटत असेल तर तीन. बेरीज दहा झाली की खात्याचा समुपदेशक दर मंगळवारी तासभर घरी येऊन बोलत बसणार. दहाच्या आत असाल तर तुम्ही सुखी, आणि तुमचा कागद कपाटात.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा समज झाला की हे गुण त्या मुलीला मिळणार. उन्हातान्हात वणवण करतंय लेकरू, म्हणून त्यांनी सढळ हाताने पंचवीस दिले आणि वर सरबत पाजलं. त्यांचं बघून शेजारच्या शिंपीणबाईंनी चोवीस दिले. मागे कशाला राहायचं? मोजपट्टीच्या हिशेबाने तो मजला दुःखात बुडाला होता. प्रत्यक्षात तिथे रोज दुपारी पत्त्यांचा डाव रंगायचा.

मास्तरांच्या घरी, ताईंच्या देखत, मुलगी वहिनींच्या खुर्चीवर टेकली आणि पडता पडता वाचली. खुर्चीचा एक पाय कधीचा निखळला होता. बसणारंच कुणी नाही, तर दुरुस्त कोण करणार? ती उभ्यानेच विचारू लागली. झोप लागते का? मास्तर म्हणाले, पहाटेपर्यंत छत बघत पडतो. रोज. मुलगी तीन लिहिणार, तोच त्यांनी हात वर केला.

"एक लिही."

"आजोबा, रोज म्हणजे तीन."

"तीन म्हणजे पैकीच्या पैकी. ते मी पोटच्या मुलालाही दिले नाहीत. माझ्यापेक्षा जास्त गमावलेली माणसं आहेत शहरात. त्यांना काय देशील मग, साडेतीन?"

भूक? घास तोंडात फिरतो, एक. कशात मन लागतं? नाही; पण न लागायला फार काही उरलंही नाही, तेव्हा एक. अशी रखडत रखडत बेरीज चारवर येऊन थांबली. ताई पुढे सरसावल्या. मंगळवारचा माणूस हातचा चालला होता.

"दादा, स्वतःच्या दुःखालाही हात आखडता?"

"चिमणे, मध्ये बोलू नकोस. उत्तरपत्रिका माझी आहे."

"आणि तपासनीसही तूच. हेच तर दुखणं आहे."

मग ताईंनी चष्मा लावून कागद पाहिला. नवव्या प्रश्नापुढे शून्य होतं, पण तो विचारलाच नव्हता. मुलगी ओशाळली. म्हाताऱ्या माणसांना तो विचारायला जड जातं, म्हणून ती तिथे परस्पर शून्य टाकायची. हे ऐकून मास्तर ताठ बसले. न वाचता गुण देणं त्यांना कधी खपलं नव्हतं.

"वाच," ते म्हणाले.

मुलीने खाली बघत वाचलं. आपण असलो काय नि नसलो काय, सारखंच, असं वाटतं का?

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. परत लावला नाही.

"दोन," ते म्हणाले. मग, "अडीच असतील तर अडीच."

वहिनींच्या स्वयंपाकाला उभ्या संसारात या माणसाने दहापैकी सातच्या वर दिले नव्हते. त्याचे हे अडीच ताईंच्या काळजात रुतले. खात्याला मात्र अर्धा गुण चालत नव्हता. मुलीने सहा लिहिले आणि दहा लागतात म्हणून सांगितलं.

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"ग्रेस मिळतात का?" त्यांनी विचारलं.

मुलं, पालक, मुख्याध्यापक, एकदा तर शाळेचे अध्यक्ष, सगळे याच एका शब्दासाठी त्यांच्या दाराशी खेटे घालून हात हलवत परत गेले होते.

मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. ग्रेसचा रकाना नव्हता. शेवटी ताईंनीच तोड काढली. काकूंना मंगळवारी पाहुणा नकोच आहे, त्यांचा डाव मोडतो. समुपदेशकाने कागदावर काकूंचा पत्ता ठेवावा आणि जिना तेवढा आणखी एक चढावा. मुलगी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. जाता जाता तिने मजले मोजले.

पुढे तो माणूस नेमाने आला. पहिल्या मंगळवारी मास्तरांनी त्याचीच वाक्यं दुरुस्त केली. तिसऱ्या मंगळवारी पेपरवर लाल खूण उमटली, संपादकाला तीन. पुढे त्याने मास्तरांना तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारले; या वेळी हात न आखडता आठ झाले. खात्याच्या अहवालात काकूंचं दुःख पंचवीसवरून आठवर आल्याची कौतुकाने नोंद झाली. ते कळल्यावर काकू आठवडाभर विचारत होत्या, माझे सतरा गुण कुणी कापले म्हणून.

हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी ताईंनी डायरी पुन्हा उघडली आणि खाली एक ओळ वाढवली: सुतार येऊन वहिनीच्या खुर्चीचा पाय बसवून गेला.