मार्लिसचा अंगठा
वायोमिंगच्या कुरणांवर धावत्या बैलाला फास टाकून दोर घोड्याच्या खोगिराच्या खुंटाला गुंडाळताना मध्ये सापडून कित्येकांचे अंगठे तुटतात. मार्लिस हाउगेनचा चाळीस वर्षांत तुटला नव्हता, आणि ज्यांचे तुटले त्यांची ती तोंडावर टर उडवायची. म्हणून ती अंगठ्याविना फास टाकायच्या मैदानात आली तेव्हा असाच अंगठा गमावलेला, चार बोटांचा म्हातारा ड्वेन खिदळला, “ये गं बाई, बस आता आमच्या रांगेत!”

मार्लिस कडाडली, “तुमच्यासारखी वेंधळी नाही मी! किडनीचा कॅन्सर पसरत अंगठ्यात आला, म्हणून डॉक्टरांनी कापला. माझ्या हाताला नावं ठेवशील तर याद राख!”

ड्वेनने हळूच हॅट काढली. “त्यापेक्षा दोरानं तुटला असता तर बरं झालं असतं गं.”

“हॅट घाल, मुडद्या!” ती किंचाळली. “मेले नाही मी अजून!”