घुबडाचा चौथा पट्टा

आमच्या दुकानात आला की तो आधी खाटेवर तळहाताने दोन थापा मारायचा आणि मग बसायचा. ओटा असो, बैलबंडी असो की लग्नातली खुर्ची, थाप मारल्याशिवाय हा माणूस कुठे टेकत नसे. "पहिले जागा पाहिली पायजे," म्हणायचा, "मंग बसा का पडा." स्वतःच्या सोयरिकीला गेला तेव्हा त्याने मुलीकडच्यांच्या गादीवरही थापा मारल्या. त्या लोकांना वाटलं, पाहुणे ढेकूण शोधून राहिले.

नागपूरच्या महाल भागात सगळे त्याला पैलवान म्हणत. मी पैलवानभाऊ म्हणायची, इथेही तेच म्हणते. घर विणकरांचं. पण मागाच्या खड्ड्यात त्याचे पायच मावत नसत. एकदा जिद्दीने बसला, तर दोघांना काखेत हात घालून उपसून काढावा लागला. त्याच्या आईने कपाळावर हात मारला आणि त्याची रवानगी आखाड्यात झाली. बाप लहानपणीच गेलेला. तेव्हापासून बापाच्या जागी आखाड्याचे वस्ताद.

आमच्या बाबांचं दुकान त्याच गल्लीत, नाटकाच्या आणि दंडारीच्या कपड्यांचं. राजांचे झगे, राक्षसांची शिंगं, हनुमानाच्या शेपट्या, सगळं भाड्याने. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. शिवणकामाचा वर्ग पुरा केलेला आणि आपल्यासारखी कारागीर अख्ख्या नागपुरात नाही असा ठाम समज. तुम्ही मला तेव्हा भेटला असता तर दोन मिनिटांत तुमचाही तसाच समज करून दिला असता.

ते दिवस तिकिटाच्या कुस्त्यांचे. मैदानात फळ्यांची रिंग, चारी बाजूंनी दोर आणि गल्लीबोळांतून रिक्षावर भोंगा. मागावर घर चालेना, तेव्हा पैलवानभाऊ एका ठेकेदाराबरोबर या कुस्त्यांना जाऊ लागला. वस्तादांच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले, "तिकिटावर पडते त्यानं माह्या मातीत पाय नाही ठेवाचा."

झालं, आखाडा बंद. पण संध्याकाळ झाली की भाऊ आखाड्याच्या भिंतीला बाहेरून पाठ लावून उभा. आतून शड्डूचा आवाज आला की मान डोलवायचा, "हा बारका आहे," "हा डावा हात जोरात मारते."

"आत जा ना भाऊ," मी म्हणायची.

"बोलावल्याबिगर कसा जाऊ वं?"

"आणि बोलावलंच नाही तर?"

"एकदा नागपुरात, वस्तादाच्या डोळ्यासमोर, उघड्या तोंडानं चॅम्पियन झालो ना, का बोलावतीन." हे तो असं सांगायचा, जसं कोणी पोळ्याच्या दिवशी बैल सजतीनच असं सांगावं.

उघड्या तोंडाने म्हणण्याचं कारण असं की ठेकेदाराला मुखवट्याचा पैलवान हवा होता. 'काला गरुड' अशी पोस्टरं छापून तयार होती. मुखवट्याचं काम आमच्या दुकानाला आलं आणि मी ते बाबांच्या हातून ओढूनच घेतलं. राक्षसाच्या जुन्या झग्याची काळी मखमल उसवली. डोळ्यांची भोकं रुपयाएवढी कापायची, ती माझ्या हातून वाटीएवढी झाली. चूक झाकायला भोवती पिवळी जर लावली.

बाबांनी मुखवटा उजेडात धरला. "पोट्टे, हे गरुड नाही. घुबड आहे."

दुसरा शिवायला वेळ नव्हता, जबलपूरची गाडी सुटत होती. तिथे भाऊ रिंगमध्ये उतरला आणि सगळं मैदान ओरडलं, "उल्लू! उल्लू!" ठेकेदार मोठा हुशार. त्याने दुसऱ्याच दिवशी पोस्टरवरचा गरुड खोडला. मग जबलपूरचा पट्टा घुबडाने जिंकला, त्यानंतर रायपूरचा, त्यानंतर अमरावतीचा. तीन शहरांचा चॅम्पियन! मुखवट्याआड कोण आहे ते नागपुरात आम्हा घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं, पण मुखवटा कोणी शिवला ते मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्याच्या जिंकण्यात माझा दुसराही हात होता, असं मला वाटायचं. प्रत्येक कुस्तीच्या आधी मी नवस बोलायची. रायपूरच्या वेळी तर महिनाभर चना-पोहे सोडले. ज्याने नागपुरात राहून चना-पोहे सोडलेत त्यालाच ही तपश्चर्या कळेल.

मग नागपूरची कुस्ती ठरली. तिच्या दोन दिवस आधी इतवारीच्या बाजारात मी काय पाहावं? आमचा पैलवानभाऊ आणि अमरावतीला त्याच्याशी लढलेला, पोस्टरवर पाहिलेला तो पंजाबी दाढीवाला, दोघं एकाच पानावर जिलेबी खात होते.

मी भर रस्त्यात ओरडले, "भाऊ, हा तर तोच! यानेच तुमच्या डोळ्यात तिखट फेकलं होतं!"

दाढीवाला लाजला. "गुलाल था, बेटी."

"हळू बोल वं पोरी," भाऊ म्हणाला. "हा माह्या घरी उतरला आहे."

"शत्रू घरी उतरते?"

"मंग काय त्याले झुरळाच्या लॉजात ठेवू?"

आणि तिथेच, जिलेबीच्या कढईजवळ उभं राहून, त्याने मला सांगितलं की या कुस्त्या नूरा असतात. कोणी जिंकायचं, कोणी हरायचं, सगळं ठेकेदार आधी ठरवतो. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. नव्हतं ते एका मला.

"म्हणजे रायपूरला तुम्ही जिंकणार हे ठरलं होतं?"

"हाव."

"कधी?"

"गाडीत बसाच्या पहिले."

"अन् मी इथं महिनाभर पोहे सोडले! मले सांगाचं तरी!"

दाढीवाला इतका हसला की दाढीत पाक उतरला. मी तिथून तरातरा निघून आले. संध्याकाळी मुखवट्याची शिवण नीट करायला भाऊ दुकानात आला. खाटेवर थापा मारून बसला, तरी मी त्याच्याकडे पाठ करून सुईत दोरा ओवत राहिले.

"जिंकणं ठरलेलं असते," तो मुखवट्याच्या नाड्यांशी खेळत म्हणाला. "पडणं नसते वं ठरलेलं. फळीवर पाठ आपटली का पाठच आपटते. हा दाढीवाला सुंदर पडते, म्हणून मी चॅम्पियन आहे. मी याले आपटतो ना, का लगेच याचा हात धरतो. त्यानं माहा हात दाबला, म्हणजे ठीक आहे, चालू दे."

"अन् नाही दाबला तर?"

"अजून असं झालं नाही."

नागपूरचा बेत असा होता. भाऊने चौथा पट्टा जिंकायचा आणि चारही पट्टे मिरवत, आपल्या गावासमोर, आपल्या हाताने मुखवटा उतरवायचा. भोंग्यावर अर्थात उलटं ओरडत होते की घुबड हरलं तर त्याचे तीन पट्टे जातील आणि त्याला सगळ्यांसमोर तोंड दाखवावं लागेल. तसं होणार नव्हतं. राहिले वस्ताद, ते तिकिटाच्या कुस्तीला कशाला येतील? ते काम मी माझ्याकडे घेतलं.

"वस्ताद, जुन्या वस्तादांचा सत्कार आहे. चिटणीस पार्कवर, रविवारी दुपारी."

"कोण करून राहिलं?"

"कमिटी," मी म्हणाले. कमिटी म्हणजे मी आणि दुकानातला राजाचा फेटा.

वस्ताद आले. पांढरं धोतर, हातात छत्री, डोक्यावर आम्ही बांधून दिलेला भरजरी फेटा. बाबा आणि मी, मधे ते. "सत्कार कधी?" दर पाच मिनिटांनी विचारत. "कुस्ती झाल्यावर," मी सांगे.

घुबड रिंगमध्ये उतरलं आणि त्याने शड्डू ठोकला. एकच. वस्तादांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. मी आभाळातल्या घारी पाहू लागले. मला वाटलं आता छत्री माझ्या पाठीत बसणार. पण ते उठले नाहीत.

कुस्ती रंगली. मला सगळं माहीत होतं, तरी दाढीवाला भाऊचा कान चावायला लागला तेव्हा माझी चप्पल हातातून सुटलीच. ती रेफरीला लागली. मग भाऊने दाढीवाल्याला खांद्यावर उचललं, गरकन फिरवलं आणि आपटलं. मैदान उभं राहिलं. पण तो पाठीवर पडला नाही. कुशीवर पडला, दंड अंगाखाली.

भाऊने लगेच वाकून त्याचा हात धरला. माझे डोळे त्या बोटांवर होते. बोटं मिटली नाहीत. भाऊने पुन्हा धरला. दुकानातल्या रिकाम्या बाहीसारखा तो हात पडून होता.

"दाब! दाबून धर!" लोक ओरडत होते. कोपऱ्यातून ठेकेदार खुणा करत होता, संपव. जिंकायला एवढंच उरलं होतं. दाढीवाल्याचे दोन्ही खांदे फळीला दाबून धरायचे आणि रेफरीने तीन मोजायचे. दोन्ही खांदे. चौथा पट्टा, उघडं तोंड, वस्ताद पहिल्या रांगेत. कुस्ती अर्धी थांबवावी तर तिकीट काढलेल्या लोकांनी खुर्च्या पेटवल्या असत्या.

भाऊ त्याच्या कानाशी काही बोलला. मग धडधाकट बाजूने धरून त्याला उभं केलं, त्याचा चांगला हात आपल्या मानेभोवती घेतला आणि स्वतःच उसळी मारून आपटला. लोकांना वाटलं दाढीवाल्याने फेकला. पुन्हा उठला, पुन्हा तसाच आपटला. तिसऱ्यांदा पडला तो उठला नाही. दाढीवाल्याला अलगद आपल्या छातीवर ओढून घेतलं आणि आपले दोन्ही खांदे फळीला टेकवून पडून राहिला. रेफरीने तीन मोजले.

मग त्याने स्वतःच मुखवट्याच्या नाड्या सोडल्या.

"अबे, हा तर महालातला विणकर!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. संत्र्याची सालं रिंगमध्ये येऊन पडू लागली. भाऊ दाढीवाल्याचा चांगला हात उंच धरून उभा होता आणि एक साल त्याच्या गालावर चिकटली होती.

वस्ताद ताडकन उठले. "स्वतः पडला! कोणी पाडलं नाही, स्वतः पडला! हेच पाहाले आणलं मले?"

मी त्यांची छत्री धरली. "वस्ताद, त्याने हात दाबला नाही."

"कोणाचा हात? सोड छत्री!"

मी सोडली नाही. एका दमात सगळं सांगितलं, नूरा, हात धरणं, न मिटलेली बोटं. ते ऐकत होते की नाही कळेना, पण त्यांची नजर दाढीवाल्यावर गेली. अर्ध्या महालाची हाडं त्यांनी बसवलेली. त्या लोंबत्या हाताकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"खांदा उतरला आहे," ते म्हणाले. आणि बाबांना, "रिक्षा पाहा."

ते रिंगच्या पायऱ्या चढू लागले, तर भोंगेवाल्याने फेटा पाहिला आणि हे कोणी मोठे पाहुणे असं समजून चारही पट्टे विजेत्याला बांधायला त्यांच्याच हातात दिले. वस्तादांनी ते माझ्याकडे फेकले. "हे धर वं!" चार शहरांच्या चॅम्पियनशिपा माझ्या ओटीत पडल्या. पत्र्याच्या होत्या. सोनेरी रंग माझ्या लुगड्याला लागला तो शेवटपर्यंत निघाला नाही. ठेकेदाराने येऊन मोजून पट्टे ट्रंकेत टाकले. ते होतेच त्याचे.

दिवेलागणीला दाढीवाला आखाड्याच्या मातीवर आडवा होता. बायांना आत मनाई, म्हणून मी दारात उभी. वस्तादांनी त्याच्या काखेत पाय रोवला आणि हात ओढला, तसा तो कळवळून सरकला. दोन पोरांनी पाय धरले, पण त्याच्या एका झटक्यात दोघंही भिंतीशी.

भाऊ बाहेर उभा होता, नेहमीच्या जागी.

वस्तादांनी वर पाहिलं नाही. "बाहेर भिंत काय धरून राहिला? ते नाही पडत. इकडे ये. पाय धर याचे."

भाऊ उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. "वस्ताद, मी... तिकिटावर..."

"चपला काढ अन् ये."

त्याने चपला काढल्या. एक पाय आत मातीवर ठेवला, मग दुसरा. गुडघ्यांवर बसून त्याने दाढीवाल्याचे पाय छातीशी धरले. वस्तादांनी ओढलं, कट्कन आवाज झाला, दाढीवाल्याने आईला हाक मारली आणि खांदा बसला. दाढीवाला हसू लागला, पोरं हसू लागली. भाऊ मात्र मान खाली घालून पाय तसेच घट्ट धरून बसला होता.

"सोड आता बे," वस्ताद म्हणाले. "पाय मोडशील त्याचे."

ठेकेदाराने पुढे दुसरं घुबड उभं केलं. त्याचा मुखवटा दुसऱ्या कोणी शिवला, भोकं मापात कापली आणि ते घुबड काही चाललं नाही. कारण हेच, असं माझं मत आहे. आमच्या भाऊला लोक पुष्कळ दिवस 'हरलेलं घुबड' म्हणायचे. तो हसायचा. पट्टा पुन्हा कधी मिळाला नाही आणि त्याने त्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही.

माझं लग्न झालं, नवरा हिंगण्याच्या कारखान्यात, घरही तिकडेच. पण नागपंचमीला मी माहेरी यायचीच. त्या दिवशी आखाड्याची माती खणतात, तिच्यात हळद, तेल, ताक घालून ती मळतात. मी दारातून डोकवायची. भाऊ घोट्याएवढ्या मातीत, हातात फावडं, आणि दाराशी खाटेवर वस्ताद. "तिकडून कोरडी राहिली बे!" ते ओरडायचे. "हाव, वस्ताद," भाऊ म्हणायचा आणि तिकडे जायचा. कोरडी नसली तरी जायचा.

एका उन्हाळ्यात काविळीने तो गेला. पन्नाशीचाही नव्हता. मला निरोप उशिरा मिळाला.

त्या वर्षीच्या नागपंचमीला मी दारात उभी राहिले. माती खणून झाली होती, पोरं ताकाच्या बादल्या आणत होती. वस्ताद फार थकले होते, डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. खाटेवरून त्यांनी हात उचलला आणि ओरडले, "तिकडून कोरडी राहिली बे!" आणि भाऊचं नाव घेतलं.

फावडी थांबली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक जण पुढे आला. "वस्ताद, ते तर..."

"मले मालूम आहे," वस्ताद म्हणाले. "तू ताक ओत."