भाऊजींचं लेंडीखत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. लाज वाटत होती म्हणून नाही — तसं समजून माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नका. सांगण्याइतकं ते मला कधी मोठं वाटलंच नाही. रोपं मेली. रोपं काय, मरतातच.

आमच्या नांदेडच्या कॉलनीत मला ‘झाडवाल्या काकू’ म्हणतात. रविवारी सकाळी आजूबाजूच्या बाया आपापली पोरं माझ्या गच्चीवर आणून सोडतात. ती पोरं बुटाला माती लागली की तोंड वाकडं करतात. आणि त्यांच्या आया — पोराच्या हातात खुरपं आलं रे आलं की फोटो, कोथिंबिरीला दोन पानं फुटली की साऱ्या जगाला निरोप. मी शिकवते. बादलीला खालून भोकं कशी पाडायची, काळी माती एकटीच भरली की उन्हात कशी तडकते, पुदिन्याची काडी कशी खोचायची. आणि शेवटी मुलांना सांगते, झाडाला माया कळते बरं का. पोरं माना हलवतात, बाया भारावून जातात. किती मूर्ख असावं माणसानं? पण त्या निदान ऐकून घेतात. ते वाक्य तोंड वर करून म्हणणारी कोण आहे, हे त्यांना कुठं माहीत आहे?

सुवर्णाबद्दल सांगायचं होतं. सुवर्णा माझी पुतणी, थोरल्या भाऊजींची मुलगी. भाऊजी भोकरजवळच्या गावात शेती करतात. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीला त्यांनी तिला आमच्याकडे ठेवलं. माझी ईशा तेव्हा पाचवीत होती.

मला ती पोर घरात नको होती. तोंडानं मी म्हटलं, येऊ द्या की, आपलंच लेकरू आहे. पण तिचं ते तेलानं चपचपीत डोकं, ते ‘हाव काकू’, ‘न्हाई काकू’, जेवताना ताटावर वाकून बसणं — मला सगळ्याचा वीट यायचा. ईशा तिच्यासारखं बोलायला लागली की मी ईशालाच दटावायची, सुवर्णाला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि भाऊजी. महिन्या-पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे, धोतराच्या सोग्यानं घाम पुसत दारात उभे राहायचे. गाठोड्यात हरभरा, अंबाडी, कधी भुईमुगाच्या शेंगा. मी हसून घ्यायची आणि ते वळले की अर्धं कामवालीला देऊन टाकायची. माझे वडील तरी कोण होते? लोह्याकडच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवायचे. पण हे मी नांदेडात कुणाला सांगत नसे.

त्या वर्षी ईशाच्या शाळेनं मुलांना घरी डब्या-कुंड्यांत भाजीची रोपं लावायला सांगितली. मी ईशाला रंगीत नव्या कुंड्या आणून दिल्या, नर्सरीतून रोपं आणली, पाकिटातलं खत आणलं. सुवर्णानं विचारलं, मी पण लावू का काकू? लाव म्हटलं. तिला दिल्या रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि फुटलेल्या कूलरचा टब. तिनं वडलांना फोनवर सांगितलं, आणि पुढच्या खेपेला भाऊजी खांद्यावर गोणी घेऊन आले. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचं जुनं, कुजलेलं खत. एसटीत कंडक्टरनं कटकट केली म्हणून हसत सांगत होते. बापलेकीनं गच्चीवर बसून माती कालवली. मी जिन्यात उभी राहून नाकाला पदर लावला — वास फारसा नव्हता, तरी लावला.

पुढं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. सुवर्णाच्या टबातली टोमॅटोची झाडं कठड्याच्या वर गेली. मिरची लागली, मेथी दोनदा खुडून झाली. ईशाच्या कुंड्यांत काड्या उभ्या होत्या. ईशाला त्याचं काही नव्हतं. ती आपली सुवर्णाच्याच झाडांभोवती नाचायची, पहिला लाल टोमॅटो दोघींनी मीठ लावून खाल्ला. त्रास होत होता तो मला. रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तो टब डोळ्यांसमोर यायचा आणि वाटायचं — ही? हिच्या हातून?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बऱ्याच बाया आल्या होत्या. कुणीतरी वर गेलं, मग सगळ्याच गेल्या. टोमॅटो बघून विचारलं, कुणी लावले? मी म्हटलं, आमच्या ईशानं. सहज निघून गेलं तोंडातून — असं म्हणणार होते, पण नाही. जिना चढतानाच मी ते ठरवलं होतं. सुवर्णा वाणाचं तबक धरून तिथंच उभी होती. बोलली ती ईशा.

"मी न्हाई. सुवर्णाताईनं लावले. माझी तर मरून गेली."

न्हाई म्हणाली, तेही ऐकलं सगळ्यांनी. दोघी-तिघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान पोराच्या बोलण्याला हसतात तशा हसल्या. मीही हसले. आणि सुवर्णानं माझ्याकडं बघितलं — तिला माझी दया आली होती. तेरा-चौदा वर्षांच्या, तेलकट डोक्याच्या पोरीला माझी दया! ते मला गिळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी शाळेत होत्या. मी बादलीभर पाण्यात खडेमीठ विरघळवलं, वर नेलं आणि तिच्या टबात, तिच्या बादल्यांत ओतलं. वरून साधं पाणी शिंपडलं, पांढरा थर दिसू नये म्हणून. रागाच्या भरात झालं म्हणावं तर तिसऱ्या दिवशीही तेच केलं. चौथ्या दिवशीही. मीठ संपलं तेव्हा दुकानातून आणलं.

पानांच्या कडा आधी करपल्या, मग झाडांनी माना टाकल्या. सुवर्णा सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, सावलीला ओढायची, पानं उलटून कीड शोधायची. शेवटी तिनं मलाच विचारलं — मला, कारण घरात झाडांची पुस्तकं वाचणारी मीच होते.

मी मातीत बोट घातलं. वास घेतला. सगळं नाटक केलं. आणि म्हटलं, "हे तुझ्या बाबांच्या खतानं झालंय. कच्चं होतं ते, घाण होतं. गावाकडं चालत असेल तसलं, इथं नाही चालत."

मीठ घालणं एक वेळ समजून घ्याल — बाई जळली, सूड घेतला. पण हे वाक्य? याची मला काय गरज होती? झाडं तर मेली होती, मी जिंकले होते. तरी तिच्या बापाला मध्ये ओढल्याशिवाय माझं पोट भरलं नाही.

ती रडली नाही. तिनं सगळी माती मागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकली, बादल्या घासून पालथ्या घातल्या. पुढच्या खेपेला भाऊजी आले ते नवी गोणी घेऊनच. फाटकातच तिनं त्यांना अडवलं.

"बाबा, परत न्या हे. तुमच्या खतानं मेली माझी झाडं. आता काही आणू नका गावाकडचं."

भाऊजींनी गोणी खाली ठेवली. मूठभर खत हातावर घेऊन बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी ओट्यावर उभी होते, पाच पावलांवर. एक शब्द पुरला असता.

मी विचारलं, चहा टाकू का भाऊजी?

"नगं. गाडीचा टाइम हून राहिला," म्हणाले, आणि गोणी खांद्यावर टाकून निघाले.

त्यानंतर ती पोर बदलली. मला आवडेल तशी बदलली. ‘हाव’ गेलं, तेल गेलं, वडील आले की अभ्यासाचं निमित्त करून आतच बसायला लागली. सुट्टीत गावी जायला कां-कू करायची. हुशार होती, शिकली. लातूरला नोकरी लागली, तिथंच लग्न झालं. सगळे माझ्याबद्दल म्हणतात, वंदनानं पोरीला वळण लावलं. खरंच आहे. ते माझंच वळण आहे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलाच्या वाढदिवसाला लातूरला गेलो. मुलगा पाच वर्षांचा. बाल्कनीत ती त्याला घेऊन टोमॅटो, पालक लावते. छान पांढऱ्या कुंड्या आहेत. भाऊजी भोकरहून नातवासाठी खत घेऊन आले होते. या वयात. पिशवी दारातच राहिली. नातू पिशवीकडं धावला तर सुवर्णानं त्याचा हात धरला आणि सांगितलं की आजोबांच्या खतानं झाडं मरतात, ते घाण असतं. आवाज अगदी माझा. पोरानं नाक मुरडलं. भाऊजी हसले, म्हणाले, हाव बाबा, तुझी आई म्हणती ते खरं हाय. मी सोफ्यावर बसून केक खात होते. केक संपवला.

परतताना ईशाचे बाबा कामासाठी लातूरलाच थांबले, म्हणून भाऊजी आणि मी एकाच एसटीनं निघालो. अहमदपूर गेल्यावर ते एकदम म्हणाले,

"बाई, एक इचारू का? त्या टायमाला ते खत खरंच खराब होतं का हो?"

रागानं नव्हे. इतकी वर्षं ते त्यावर विचार करत असावेत — आपल्या हातून काय चुकलं म्हणून. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. सुवर्णा नव्हती, नवरा नव्हता. याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

मी म्हटलं, "असेल भाऊजी. आता काय त्याचं."

"हाव," म्हणाले. थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली.

तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही. भोकर इथून लांब नाही, दिवसभर गाड्या असतात. मी गेलेले नाही, आणि जाईन असंही वाटत नाही.