रेषेपर्यंत पाणी

अर्विला, तुझा भाऊ ऑरिन म्हणाला, "लिहा, मी ताईला वाचून दाखवतो." तू मला ओळखशील का, हे विचारलं तर तो विषय बदलतो. मी मार्लिस. कॉलेजात वरच्या मजल्यावर रसायनशास्त्र शिकवायचे आणि तू खालच्या रसायनांच्या भांडारात माझ्या वर्गांची द्रावणं बनवायचीस. कुणी चमचा उसना मागितला तरी अंगावर जायचीस.

आधी मोरचूद चुकलं. द्रावण फिकं निघालं म्हणून मी खाली आले, तर तू निळ्या खड्यांच्या बरणीतून सोळा ग्रॅम घेतलेले. सोळा घ्यायचे ते कोरड्या पांढऱ्या पुडीचे. खड्यांत पाणी असतं, त्याचं वजन धरून पंचवीस घ्यायचे. हे तूच दरवर्षी पोरांना ओरडून सांगायचीस.

"अगं, खड्यातलं पाणी कुठे गेलं?"

"दहा हजार तळ्यांच्या मिनेसोटात पाणी कोण मोजतं?" तू हसलीस. मीही हसले.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी कुणी हसलं नाही. विभागप्रमुख डॅरेल म्हणाले, "आणखी एक चूक झाली की भांडाराची किल्ली माझ्याकडे."

नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्या किल्लीखेरीज तुझं होतं काय?

म्हणून कॉस्टिक सोड्याच्या दिवशी मी शेजारीच उभी राहिले.

"काय गं, पहारा?"

"पहाराच."

"मग ऐक. लिटरला अर्धा मोल, मोलचे चाळीस ग्रॅम, म्हणजे वीस. आणि याच्यात पाणी लपलेलं नाही. झालं समाधान, मास्तरीणबाई?"

वीसच तोललेस. थोड्या पाण्यात विरघळवून फ्लास्कमध्ये ओतलंस आणि काचेचं बूच लावलंस. काच चटके देत होती.

"आत्ता गळ्यावरच्या रेषेपर्यंत भरलं तर गार झाल्यावर खाली उतरेल. जेवून येते, मग मीच भरते. तू हात लावायचा नाही. वरून शुद्ध पाण्याचा कॅन तेवढा आणून ठेव."

मी कॅन आणला. तू आली नाहीस. शेवटी बाहेर बर्फात तुझी गाडी दिसली. आत बसून तू भांडाराची किल्ली गाडीला लावत होतीस.

"मार्लिस, ही लागत का नाही गं?"

तुझ्या हातातून ती मीच काढून घेतली.

गणित बरोबर होतं, अर्विला. डॅरेलना मी ते दोनदा ऐकवलं. ते म्हणतात, फ्लास्क ओतून टाका. सोड्याने बूच एव्हाना चिकटलं असेल. कॅन शेजारीच आहे, आणि द्रावण अजून रेषेच्या बरंच खाली.