न लागलेलं दही

मी ऑडिटर आहे. पुरावा दाखवा, मग बोलू... असा माझा स्वभाव, आणि त्यावरून घरात माझी भरपूर चेष्टा होते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आम्ही सिंगापूरला, बिशानमध्ये राहतो. आमचा सोहम चार वर्षांचा असताना मी आणि माझा नवरा मंदार, आम्ही इथलं पीआर, म्हणजे कायमचं नागरिकासारखं राहण्याची परवानगी, घेतलं. मुलाला पुढे सक्तीची लष्करी सेवा करावी लागणार हे माहीत होतं; तेव्हा वाटलं, अजून खूप वेळ आहे. तो अठराचा झाला आणि शांतपणे म्हणाला, "आई, I cannot hold a rifle. माणसावर नेम धरायला शिकणार नाही मी." नकार म्हणजे सरळ लष्करी कोठडी. आम्ही समजावलं, रागावलो, मी रडलेसुद्धा. तो ढिम्म हलला नाही.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी मी त्याच्या हातावर दही ठेवलं. आमच्याकडे बाहेर पडताना ठेवतातच... परीक्षा असो, नाहीतर इंटरव्ह्यू. दही घट्ट, आदल्या दिवशीच लावलेलं. ते ठेवताना मनात मात्र म्हटलं — देवा, याचा निश्चय मोडू दे, रायफल घेऊ दे हातात.

त्याने हात चाटला आणि म्हणाला, "Thanks, आई. मला वाटलं होतं तू माझ्या बाजूने नाहीस." मी चमचा धुवायला वळले.

त्याने तिथे नकार दिला आणि त्याला कोठडीची शिक्षा झाली. त्यानंतर आमच्या घरात दही लागेना.

हसू नका. इथल्या उकाड्यात दही पाच-सहा तासांत लागतं. मी विरजण बदललं, दूध बदललं, भांडं बदललं. शेवटी जुरोंग ईस्टच्या मैत्रिणीकडे जाऊन एकाच पातेल्यातलं कोमट दूध विरजण घालून दोन डब्यांत ओतलं. एक तिच्याकडे ठेवला, एक घरी आणला. तिचं छान लागलं. माझं दुसऱ्या दिवशीही दूधच... नासलंही नाही. मंदार म्हणाला, "विकतचं आण ना, कशाला जिवाला लावून घेतेस?"

भेटीच्या दिवशी सोहम काचेपलीकडे बसला होता. बारीक झाला होता. मी त्याला दह्याचं सांगितलं.

तो हसला. "त्या दिवशी पण नव्हतं लागलं. तू दूधच दिलंस. बोटांतून गळत होतं. I thought you were rushing, so I didn't say."

घट्ट, कवडीसारखं दही होतं ते. चमचा मीच उपडा केला होता, मंदार शेजारी उभा होता. त्यानेही दहीच पाहिलं होतं.

मग मला राहवलं नाही. त्या सकाळी मी काय मागितलं होतं, ते त्याला सांगून टाकलं. फार लाज वाटली. ज्या मुलाला मीच या देशात आणून अडकवलं, त्याच्या हातावर शुभ म्हणून मी हे मागणं ठेवलं होतं.

त्याने मान वर केली. "So you were not on my side."

"नव्हते."

"Okay lah," तो म्हणाला. "सांगितलंस ना आता."

घरी आले. सकाळी ओट्यावर झाकून ठेवलेला डबा उघडला — दही लागलं होतं. अगदी सुरीने कापावं असं. मंदारने वाटीभर खाल्लं. तेव्हापासून रोज लागतंय. मैत्रीण म्हणते, विरजणच खराब असणार. मग तिच्या डब्याचं काय? सोहमच्या बोटांतून गळालं ते काय होतं?

पुढच्या महिन्यात तो सुटेल. पुन्हा बोलावणं येईल, तो पुन्हा नकार देईल, आणि या वेळची शिक्षा मोठी असेल असं वकील सांगतात. निघताना मी परत त्याच्या हातावर दही ठेवणार आहे. मी त्याच्या बाजूने आहे असं त्याला सांगितलंयही... पण चमचा हातात असताना मनात काय येईल, याची खात्री मला अजूनही देता येत नाही.